उद्घाटनाचा फ्लेक्स

इस्लामपूर स्टँडवर कोयनानगरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं दोघं होते. एकाच्या गळ्यात कॅमेरा.

"नवा स्टुडिओ नऊ दिवसांत बंद, उदय?"

"गिऱ्हाईकच न्हाई, धनाजी. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर माझाच फोटो टाकला. ब्लॅक अँड व्हाइट. खाली नाव आन तारीख."

"आरं, लोकांना वाटलं आसंल, गेला!"

"व्हय. चाळीस माणसं दुखवट्याला आली."

"मग सांगायचं की, मीच त्यो!"

"सांगितलं. म्हणाली, भाऊ दिसतोय, लय मनाला लावून घेतलंय. एक आजी म्हणाली, फोटोतला जास्त देखणा हुता."

"एकानं तरी फोटो काढून घेतला?"

"दुखवट्यात कोण फोटो काढतंय?"

"गाडी लागली. पिशवी उचल."

"तू जा, गड्या. उद्या माझा दहावा हाय. माणसं येतील. घरचं कुणीतरी नको व्हय?"