दहा लाख तीनला भाग जात नाही

वहिनी, आणि सोसायटीतली सगळी मंडळी, दामूभाऊंसाठी आलात, बरं वाटलं. मला माइक धरायची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घे म्हणा, लगेच घेईन. भाषण मात्र पहिलंच. तरी बोलते, कारण मी दामूभाऊंना एक थाप मारलीये.

आमचे हे शेजारी जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरले. मुलुंडमधला एक जिना चढायचा राहिला नसेल. आणि शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. पण आकडे डोक्यात तसेच! मग त्यांना माझे डोळे लागले. माझे, चौथीतून शाळा सुटलेलीचे.

एकदा मी मेथी निवडत होते. भाऊ म्हणाले, "सुमनताई, दहा लाख तीनला कुणाचा भाग जातो का बघा."

मी म्हटलं, "भाऊ, भाजीचे वाटे करते, तेवढाच माझा भागाकार."

"तेवढाच लागतो. दहा लाख लाडू दोघं वाटून घेतील, दहा जण घेतील. त्यात तीन टाका, मग बघा कसे अडतात सगळे."

हजाराच्या पुढे जायचं नाही म्हणाले. मोठ्या आकड्याचा भाग जात असेल, तर त्याचा छोटा जोडीदार हजाराच्या आतच सापडतो. आणि हजारातलेही सगळे नकोत. ज्यांना स्वतःला कुणाचा भाग जात नाही, तेवढेच. असे एकशे अडुसष्ट. तोंडपाठ सांगायचे हो!

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडायची. एकोणीसनं भागलं, चौदा उरले. तेवीसनं, नऊ. दर वेळी वाटायचं, आता शून्य येणार. नाहीच! काय ताठ आकडा! आमच्या मोठ्या जाऊबाई अश्शाच.

नात म्हणाली, "आजी, मोबाइल सेकंदात सांगेल ना."

म्हटलं, "मोबाइलला विचारलंय कुणी? मला विचारलंय."

भाऊंना मी विचारलं, "तुम्हाला उत्तर ठाऊक आहे ना?"

"आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आणि भाऊ आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा एकतीस आकडे बाकी होते. आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाले, "कुठवर आलात?"

काय सांगणार होते मी? म्हटलं, "झालं भाऊ! कुणाचाच भाग जात नाही."

"शेवटच्या नऊशे सत्त्याण्णवला किती उरले?"

तोंडात आलं ते ठोकून दिलं. "चार."

केवढे हसले! नर्स धावत आली. माझा हात दाबला, म्हणाले, "शाब्बास."

दुसऱ्या दिवशी गेले.

मंडळी, तेव्हापासून मला घास गोड लागेना. उरलेल्या एकतिसांत एकाचा जरी भाग गेला, तर मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं ना मी? बसले मांडी घालून. चुकले, खोडलं, परत केलं. परवा संपलं. नाही जात! कुणाचाच नाही जात! मी नाचणारच होते, एवढ्यात शेवटच्या बाकीकडे लक्ष गेलं. बारा. चार नव्हे, बारा. भाऊंना ते तोंडी येणारच की. म्हणजे त्यांनी मला तिथेच पकडलं होतं. पकडलं आणि वर शाब्बास म्हणाले.

रडू नका वहिनी. मी परवापासून हसतेच आहे.

चला, उभे राहा. गुडघेवाल्यांनी बसूनच राहावं. मिनिटभर गप्प राहू.

भाऊ, बारा उरतात. आता करून सांगतेय.