गावाचं नाव लावणारं एकच घर

नॉर्मन : ती काठी आधी खाली ठेव, हिल्डा. मग बोलू.

हिल्डा : ठेवणार नाही. गावाच्या हद्दीची फेरी इतकी वर्षं रेजीनं नेली, आणि मरण्याआधी त्यानं ही माझ्या हातात दिलीय.

नॉर्मन : रेजी तापात होता. तापात माणूस बायकोलाही मावशी म्हणतो. आज हद्दीच्या फेरीत पुढं कोण चालणार, दगडादगडाला काठी कोण मारणार, हे कमिटी ठरवते. आणि कमिटीचा अध्यक्ष मी आहे.

डोरा : अध्यक्ष आहेस तर उठून दूध तापव. एवढ्या वर्षांच्या संसारात एकदा तरी.

नॉर्मन : डोरा, तू मध्ये पडू नकोस.

डोरा : माझ्या स्वयंपाकघरात भांडता, आणि मी मध्ये पडू नको?

हिल्डा : नॉर्मन, रेजीच्या मागोमाग मी दर वर्षी चालले. हद्दीचा एकेक दगड माझ्या पायांना ठाऊक आहे. धुकं पडलं तरी चुकायची नाही.

नॉर्मन : कोण नाही म्हणतंय? ये की, चाल मागून. पण पुढं गावचा माणूस हवा. आमच्या मार्सगिलची हद्द हार्टबीवाल्यांनी दाखवायची का आता?

हिल्डा : मी हार्टबीवाली?

नॉर्मन : नावच सांगतंय. हिल्डा हार्टबी. डोंगरापलीकडच्या गावाचं नाव. आणि मी? नॉर्मन मार्सगिल. गाव मार्सगिल, मी मार्सगिल. आणखी दाखला कसला हवा? काठी माझा मुलगा क्लाइव्ह धरेल.

डोरा : तिकडं लीड्स शहरात राहतो तो. गेल्या साली रेजी आजारी म्हणून पुढं घातला, तर त्यानं अख्खं गाव शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन उभं केलं.

नॉर्मन : वाट चुकली. नाव नाही ना चुकलं?

हिल्डा : माझा बाप जन्मभर या फेरीत शेवटून चालला, नॉर्मन. आजाही तसाच. चार पिढ्या इथल्या मातीत गेल्या आणि अजून आम्ही पलीकडचेच. म्हणून परवा मी हार्टबीला जाऊन आले.

डोरा : अगंबाई! एकटी?

हिल्डा : बसनं. म्हटलं, इथं कुणी आपलं म्हणत नाही, तर जिथलं नाव लावतो तिथं तरी बघावं. चर्चमागची सगळी थडगी वाचून काढली. हार्टबी नावाचं एक नाही.

नॉर्मन : एकही नाही?

हिल्डा : टर्नर आहेत, लाँग आहेत, स्मिथ तर ढिगानं. हार्टबी औषधाला नाही. तिथल्या भिंतीवर बसून रडले मी. इथंही परकी, तिथंही परकी. नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला एक बाई आल्या होत्या. त्यांना सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या.

डोरा : हसायला काय झालं मेलीला?

हिल्डा : म्हणाल्या, “अगं, इथं सगळेच हार्टबीचे. मग हार्टबीचा म्हणून हाक कुणाला मारणार? इथं हा लोहार म्हणून स्मिथ, तो लांबड्या म्हणून लाँग. जो इथून उठून दुसरीकडे गेला, त्याला तिथले लोक म्हणाले, हा हार्टबीचा. गाव सोडल्यावर गावाचं नाव चिकटतं.”

डोरा : खरंच की. इथं आपण तरी कुणाला मार्सगिलचा... अरे देवा. नॉर्मन!

नॉर्मन : काय?

डोरा : तुझं नाव काय?

हिल्डा : परतीच्या बसमध्ये मलाही तिथंच ठसका लागला.

नॉर्मन : आमचं वेगळं आहे! आम्ही गावाचे मालक होतो. मालकाला गावाचं नाव मिळतं.

डोरा : मालक? आपल्या लग्नात बिअर चढल्यावर तुझे आजोबा काय सांगत होते? पहिला मार्सगिल केंडलच्या बाजारातून दोन खेचरं घेऊन आला आणि त्यानं ही पडीक जमीन धरली. सगळं वऱ्हाड ऐकत होतं.

नॉर्मन : आजोबा बढाया मारायचे.

डोरा : बढाई मारणारा घोडे सांगतो. खेचरं कशाला सांगेल?

हिल्डा : तुझा कुणी पूर्वज इथून केंडलला गेला असणार. तिथं त्याला मार्सगिल म्हणाले. पुढं त्याचा वंशज परत आला. आला तेव्हा गाव काय म्हणालं असेल, सांग.

नॉर्मन : काय म्हणालं असेल?

हिल्डा : कोण हा केंडलवाला?

डोरा : आई गं! गावाचं नाव लावणारं एकच घर, आणि तेच बाहेरून आलेलं!

नॉर्मन : हसू नकोस, डोरा. चहा सांडतेयस.

(चर्चची घंटा वाजते. अंगणात फेरीसाठी जमलेल्या लोकांचा गलका.)

नॉर्मन : हिल्डा, तो खेचरं घेऊन आला, तेव्हा त्याला ही हद्द कुणी दाखवली असेल गं?

हिल्डा : इथल्याच कुणीतरी. नाव न विचारता.

नॉर्मन : माझा कोट दे, डोरा.

डोरा : भाषण करू नकोस म्हणजे झालं.

नॉर्मन (अंगणात येऊन) : मंडळी, इकडे लक्ष द्या! काठी हिल्डाकडे आहे. रेजीनं दिलीय, आणि देताना तो पूर्ण शुद्धीत होता. क्लाइव्ह, तोंड काय बघतोस? बाजूला हो, तिला पुढं जाऊ दे.

हिल्डा : चला. आधी ओढा गाठायचा.

नॉर्मन : पुलावरून ना? रेजी पुलावरून न्यायचा.

हिल्डा : रेजीचे गुडघे गेले होते. हद्द पुलावरून जात नाही, नॉर्मन. ओढ्याच्या मधून जाते.

नॉर्मन : पाणी बर्फासारखं असेल गं.

हिल्डा : असेल.

नॉर्मन : ...मंडळी, बूट काढा.