पोटखराब

पाथर्डीच्या एसटी स्टँडवर ईरा पाणथळ जागा वाचवण्याच्या योजनेचे अर्ज मांडीवर घेऊन बसली होती. उद्यापासून तिला गावोगाव फिरायचं होतं. शेजारच्या बाकावर दोघं भाऊ बोलत होते.

“उद्या कोन बाई येनार हाय, आपलं पानी साचलेलं चिबड रान बघायला. ते राखायला मदत करत्यात म्हनं.”

“चिबड कुठंय आता, दादा? मी ऊसतोडीवरनं येईस्तवर तू मुरूम टाकून बुजवलं.”

“सातबाऱ्यावर त्येला पोटखराब लिवलं हुतं, पिकत न्हाई म्हून. मला वाटलं, खराब म्हंजी खराब.”

“अन् खालची हीर?”

“त्याच साली आटली.”

“आईला सांगितलं?”

“न्हाई. तिला दिसत न्हाई आता. रोज सांजंला इचारती, चिबडात बगळं उतरलं का.”

“मग?”

“उतरलं म्हनतो.”

ईराने मांडीवरचे अर्ज हळूच पिशवीत सरकवले.