आर्मी बॅकग्राउंड

मी बस्त्याव, वेंगुर्ल्याकडचा क्रिस्तांव. आमच्या घरात शौर्य म्हणजे एकच, पणज्याच्या बापाचं. गोऱ्या साहेबाच्या पलटणीत होता तो. साहेबानं विचारलं दर्या ओलांडून लढायला कोण येतो, बाकीचे म्हणाले धर्म बुडेल, हा म्हणाला माझा बाप्तिस्माच पाण्यात झालाय, आणि आला पुढे, आपखुशीनं. एडनला गेला, ब्रह्मदेशात गेला, नाईक होऊन लंगडत परत आला.

मी नव्वदच्या पुढं मुंबईला एजंटकडे गेलो, दुबईला सिक्युरिटी गार्ड पाहिजे होते. विचारलं, आर्मी बॅकग्राउंड है? मी म्हटलं, है ना साब, बहुत पुराना. देवाशप्पथ, मला वाटलं घराण्याचंच विचारतायत. दुबईत अल कुसैसच्या कामगार कॅम्पमध्ये पोचलो तर मला दिलेल्या वर्दीच्या खांद्यावर तीन फिती, सुपरवायझरच्या, आणि सगळे म्हणायला लागले फौजी. तेव्हा कळलं हो मला, तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो, शिरा पडो माझ्या तोंडार, गोड लागलं ते.

मग खोर फक्कानला बंदराजवळच्या गोदामावर टाकलं. हाताखाली तुकाराम, साताऱ्याकडचा, सतरा वर्षं खरी फौज केलेला, मला उस्ताद म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर आला, मी सलाम ठोकला, पंजा जमिनीकडे, सिनेमात बघितलेला. तो गेल्यावर तुकाराम हळूच म्हणाला, उस्ताद, आपल्या फौजेत पंजा समोर असतो. बस. कुणाला बोलला नाही. रोज ड्युटी सुटली की गोदामामागं मला ड्रिल शिकवायचा, दाहिने मुड, बाएं मुड, आणि चारचौघांत परत उस्तादच म्हणायचा. काय सांगू तुमका, सख्खा भाऊ करणार नाही.

आणि मी काय केलं? एका दुपारी उकाड्यात गेटवर माझा डोळा लागला, तुकाराम जेवायला गेलेला, मालाचा ट्रक पासाशिवाय निघून गेला. मॅनेजरनं दोघांना उभं केलं. फौजी, तू सांग, गेटवर कोण होतं, तू खोटं नाही बोलणार. मी म्हटलं, तुकाराम. लाज वाटते हो, आता सांगतानाही मान वर होत नाही. हा फौजी नाहीच, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडात होतं. ते त्यानं काढलं नाही. खलास, व्हिसा कॅन्सल. दोन मुली शाळेत होत्या त्याच्या. बॅग उचलली, आपण निघताना येतो म्हणतो ना, तो म्हणाला, जातो.

मी आणखी सहा वर्षं फौजी म्हणून काढली तिथं. आता गावात आहे. क्रुसाकडं प्रार्थनेला जमले की लोक म्हणतात, बस्त्याव, पलटणीची गोष्ट सांग, आणि मी सांगतो. कुमसार केलं, फादरपुढं पाप कबूल केलं, फादर म्हणाले, मला सांगून काय, साताऱ्याला जा. गेल्या वर्षी गेलो, कराडपर्यंत. साताऱ्याची गाडी समोर लागलेली, कंडक्टर ओरडत होता, मी पाणी प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. देव बरं करो तुकारामाचं, त्याच्या मुलींचं. मी घरात बसून एवढंच म्हणतो.