बंदुका वेचणाऱ्या मुलाची चौकशी

…नाही, मुलाचं सांगायचं तर आधी खेळाचं सांगावं लागेल — बसा ना मामा, असे अर्धवट टेकू नका, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे — तुम्ही विचारलंत, ‘पोरगं कसं हाय?’ आणि मी म्हटलं, मी त्याला खेळातून ओळखते, तर तुमचा चेहरा एकदम खुलला. क्रिकेट वाटलं तुम्हाला. क्रिकेट नाही. बंदुकीचा खेळ. टीव्हीवरचा. हे काळं खोकं दिसतंय ना, ते आमच्या ज्योतीचं. ती बंगळूरला नोकरीला गेली, जाताना म्हणाली, ‘आई, विकू नकोस.’ विकलं नाही मी. शिलाई मशीनला घालतात तसं कव्हर शिवून घातलं त्याला. मग एक दिवस वरच्या मजल्यावरचा तुषार — म्हणजे तुमच्या रश्मीसाठी ज्याची चौकशी करायला तुम्ही कर्जतहून आलात, तोच — गॅसची टाकी आत आणून द्यायला आला, ते कव्हर बघून म्हणाला, ‘काकू, याला झाकून ठेवायचं नसतं.’ तिथनं सुरू झालं. अडीच वर्षं झाली. मी चौपन्न वर्षांची आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण बघत होतात.

तर खेळ असा — कुठला तरी दुसरा ग्रह आहे, पारनेरच्या माळासारखाच, खडक आणि वारा. तिथं दरोडेखोर, किडे, यंत्रं. त्यांना मारलं की त्यांच्या अंगातून बंदुका पडतात. त्या आपण वेचायच्या. त्या बंदुकांनी पुढच्यांना मारायचं, त्यांच्याकडनं आणखी बऱ्या बंदुका पडतात. झालं, एवढंच. — त्या बऱ्या बंदुकांचं काय करायचं? त्याहून बऱ्या मिळवायच्या. मीसुद्धा पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

मी शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं रजिस्टरं लिहिली, त्यामुळं लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही वही बघा. डाव्या पानावर खेळाचे गुण, उजव्या पानावर दोष. दोष आधी वाचते, तुम्हाला घाई दिसतेय. शंभर बंदुका पडल्या तर नव्वद भंगार. पण भंगार आहे हे उचलून, वाचून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि वाचायची अक्षरं खसखशीएवढी. पिशवी लहान. ती सारखी भरते, मग काय ठेवायचं, काय टाकायचं — तासातली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जातात. लोक म्हणतात या खेळांनी पोरं हिंसा शिकतात. मला विचाराल तर हा खेळ मुख्यतः आवराआवरीचा आहे. गोष्ट टाकाऊ. पात्रं फार बोलतात, आपण इकडं गोळ्या खातोय आणि ती विनोद करतायत. शेवटी जो मोठा राक्षस येतो, तो अवघड केलेला नाही, नुसता कडक केलाय — वीस मिनिटं गोळ्या घाला, जुना हरभरा शिजत नाही तसा तो आपला तसाच. आणि एवढं करून हवी ती बंदूक पडली नाही, तर त्याच दरीत परत, त्याच राक्षसाला परत. एकदा सोळा वेळा गेलो होतो आम्ही. एकटीनं खेळायला बसलं तर दहाव्या मिनिटाला जांभई येते. दोष संपले. एक राहिला, तो नंतर.

गुण थोडे आहेत, पण वजनदार. पहिला — वेचायच्या मालाच्या दोन पद्धती असतात. एकीत ज्याचं त्याला वेगळं मिळतं, दुसऱ्याचं ओढताच येत नाही. दुसरीत जो आधी पोचेल त्याचं. तुषारनं विचारलं, ‘काकू, कुठली लावू?’ मी म्हटलं, जो पोचेल त्याची. मला माणूस बघायचा होता. पहिल्याच दिवशी पिवळी बंदूक पडली — पांढरी म्हणजे भंगार, पिवळी म्हणजे महिन्यातनं एखादी — आणि तो तिच्या शेजारी, मी मैलभर लांब, वाट चुकून एका भिंतीकडं तोंड करून उभी. तो तिथंच थांबला. ‘काकू, डावीकडं वळा. अजून. अहो, तेवढं नाही. हां, आता सरळ.’ चार मिनिटं. मी जाऊन उचलली. मग म्हणाला, ‘काकू, आता ती दुसरी पद्धत लावूया. रोज रोज मला एवढं जमणार नाही.’ हे वाक्य मी तारीख घालून लिहून ठेवलंय. मला लोभ नाही म्हणणारी माणसं मी ऑफिसात पुष्कळ बघितली, मामा.

दुसरा गुण — माणूस पडला की लगेच मरत नाही. जमिनीवर सरपटत राहतो, थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात जोडीदारानं येऊन बटण दाबून धरायचं, की हा उठतो. पण बटण धरलंय तोवर जोडीदाराला स्वतःला गोळी झाडता येत नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडतात. मी फार पडते. आणि तो येतो. मी ओरडते, ‘येऊ नकोस, जिंकत आलायस!’ तरी येतो. मग दोघंही मरतो आणि सगळं पहिल्यापासून. हे मी आधी उजव्या पानावर, दोषांत लिहिलं होतं — ‘तुषारला फायदा-तोटा कळत नाही.’ हे बघा, इथं खोडलंय.

व्यसन? काही नाही. एमआयडीसीतल्या कंपनीत तपासनीस आहे, सहाला घरी, चहा, आणि साडेसहाला खेळायला. आठला दीपाताई, म्हणजे त्याची आई, ताट वाढतात, की बंद. राग? एकदा हातातलं बटणांचं यंत्र आपटलं त्यानं. पण आवाज मऊ आला, म्हणजे गादीवर आपटलं असणार. तो राग धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. — नाही हो, इथं येऊन नाही खेळत. तो त्याच्या घरात, मी माझ्या. माझ्या छताच्या वर त्याची फरशी, आणि बोलायचं हे हेडफोन लावून, इंटरनेटवरनं. हसा तुम्ही. आमचे हे कारखान्यावर असतात, तिकडंच खोली आहे, रविवारी येतात. बाकीचे सहा दिवस साडेसहा ते आठ सोडलं तर या घरात आवाज असतो तो कुकरचा. मी तक्रार करत नाही. वेळ विचारलीत म्हणून सांगितलं.

तो राहिलेला दोष? तो असा की, दोघांतला एक पुढं निघून गेला की मागच्याला काही करता येत नाही. मागच्यानं कितीही गोळ्या घातल्या तरी तिथल्या शत्रूंना ओरखडासुद्धा उठत नाही. मागचा आपोआप बाद. कुणी बाद करत नाही, भांडण नाही, काही नाही. नुसतं पुढचा पुढं गेलेला असतो. लग्नाचा आणि त्याचा काही संबंध नाही. मी फक्त दोष सांगतेय.

पारनेरचे? तुम्हाला कुणी सांगितलं पारनेरचं? — हो, आले होते. फेब्रुवारीत. मुलीचे काका आणि राजेश्वरी नावाची आत्या, ती याच खुर्चीत बसली होती. वर जायच्या आधी शेजारी चौकशी, रीतच आहे. विचारलं, मुलगा कसा? मी म्हटलं, ‘चांगला आहे, पण —’ आणि उठले, दूध उतू जात होतं म्हणून. — जात होतं का? नाही. दूध तापतच ठेवलं नव्हतं मी. चौकशीला आलेल्या माणसासमोर ‘पण’ म्हणून उठून जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तीन भाच्या उजवल्यात. आत्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, ‘पन काय, बाई?’ मी म्हटलं, ‘संध्याकाळचा बंदूक घेऊन बसतो.’ खोटं नव्हतं ते. टीव्हीवरची, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे — एका शब्दाचं तर काम होतं, आणि ते जिन्यापाशी चपला शोधत होते, तेवढा वेळ पुष्कळ झाला असता. ‘लई झालं, येतो आमी.’ वर गेलेच नाहीत. सव्वासहा वाजले होते. साडेसहाला आमचा तो राक्षस ठरलेला होता.

चार दिवसांनी नकाराचा फोन आला. त्या संध्याकाळी तुषार म्हणाला, ‘काकू, पारनेरवाले नाही म्हणाले.’ मी म्हटलं, ‘अरेरे.’ तेवढ्यात वरच्या कड्यावरनं तिघं आले, त्यांना मी मारलं. तिघांनाही, एकटीनं. एरवी मला एक जमत नाही.

दीपाताई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, ‘विजयमालाताई, आमच्यात काय कमी होतं हो?’ मी म्हटलं, ‘लोकांचं काही सांगता येतं का.’ … हे सगळं तुम्हाला कशाला सांगितलं मी? तुम्ही पारनेरचं विचारलंत म्हणून. त्याला सांगू नका. त्याला माहीत नाही.

थांबा — हे बघा, टीव्हीवर त्याचं नाव आलं. साडेसहा. मामा, असं करा, माझ्या सांगण्यावर जाऊच नका. हे हेडफोन घ्या. लावा हो, टोपी काढा थोडी. आपला आवाज तिकडं जाणार नाही, तो बंद केलाय मी, तुम्ही नुसतं ऐका. मी कधीकधी भाजी परतत असते, तो पाच-पाच मिनिटं एकटाच बडबडत असतो. मुलगा कसा आहे ते त्याच्याच तोंडून ऐका, त्याला ठाऊक नसताना.

येतोय आवाज? काय, बंदुकांचं चाललंय? … हसताय म्हणजे राक्षसाची नक्कल करत असणार. … आता काय झालं? मामा? माझ्याकडं काय बघताय? — द्या इकडं. नको, राहू द्या, पूर्ण ऐका. … काय म्हणाला? जसं बोलला तसं सांगा.

रश्मीनं सांगितलं? त्याला, फोनवर, की आज मामा येणार म्हणून? घ्या. तुम्ही गुपचूप आलात आणि भाचीनं दवंडी पिटली. बरं, पुढं. — ‘काकू, मामा आले तर त्यांना पूर्ण सांगा.’ पूर्ण? पूर्ण म्हणाला तो? — ‘फेब्रुवारीत नकाराचा फोन मीच घेतला होता. तुम्ही काय म्हणालात ते त्या काकांनी सांगितलं. मी समजावलं, त्यांना पटलं नाही.’ आणि? — आईला नाही सांगितलं. माझं नाव नाही सांगितलं आईला. — अजून काय? — ‘या वेळी टीव्हीवरची, एवढं जोडा.’ बस? चिडून म्हणाला का? तुम्ही ऐकलंत ना, आवाज कसा होता? — नेहमीसारखा. तुम्हाला कुठं ठाऊक त्याचा नेहमीचा आवाज. … हो. असेल, नेहमीसारखाच असेल.

फेब्रुवारी. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, आणि आता सप्टेंबरचा निम्मा. सात महिने रोज साडेसहाला येत होता. आणि मी रोज पडत होते.

द्या ते हेडफोन. उठा आता मामा. चहा राहू द्या, गार झाला तो. चौकात रिक्षा मिळेल, माळीवाड्याला सोडा म्हणावं, तिथनं कर्जतची गाडी आहे. — नाही, मला काही विचारू नका. होय नाही की नको नाही. तुम्ही कानानं ऐकलंत तेवढंच धरा, माझं काही धरू नका. घरी सगळ्यांना जय भीम सांगा. दार नुसतं ओढा, कडी मी लावते.

— हां, तुषार. आहे ना, इथंच आहे. हो, आले होते. गेले आत्ताच. हो रे, पूर्ण सांगितलं. — तुषार, फेब्रुवारीत मी —

बरं.

बरं, नाही काढत तो विषय. कुठनं जायचं, वरनं? चल.