रतनबाईचे चार एकर

आप्पासाहेब : एकदा न्हाई म्हनलं ना. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लावायचं न्हाई.

अश्विनी : मग माझी शिष्यवृत्ती गेली, आप्पा. दहाच्या दहा एकर ऊस तुमच्या नावावर, म्हणून दाखल्यात उत्पन्न मर्यादेच्या वर गेलंय. त्यातल्या चार एकरांचे पैसे तुम्ही दरसाल रतन आत्याला तिच्या सासरी खर्ड्याला धाडता, ते दाखल्यात कुठं दिसतंय?

आप्पासाहेब : हक्कसोडीवर सही तिनंच केली हुती. इचार तिला, बसलीय समोर.

रतनबाई : केली, दादा. म्हायेर ऱ्हावं म्हनून केली. तूबी तोंडी शबूद दिला आन पाळलास. पर पोरीसाठी आता कागदावर वाटा दे मला.

आप्पासाहेब : बहीण वाटा घेऊन गेली म्हनंल गाव.

रतनबाई : म्हनू दे.

आप्पासाहेब : बनूच्या टायमाला मी काय बोललो हुतो, इसरलीस?

रतनबाई : कशी इसरन? थोरलीनं वाटा घेतला, आन त्या दिवाळीपासून तिला आनायला ह्या घरातनं कुनी गेलं न्हाई. किती तरी वर्सं पिशवी भरून बसायची ती.

अश्विनी : बनू आत्या भांडून गेली. ही माझ्यासाठी घेतेय, आप्पा.

आप्पासाहेब : एकीला एक न्याय आन दुसरीला दुसरा, मला जमायचं न्हाई. भावकीपुढं बोललेला शबूद हाय तो.

अश्विनी : मग राहू दे, आत्या. नको मला इंजिनिअरिंग. श्रीरामपूरला बी.ए. करीन मी.

रतनबाई : गप बस. माझी शाळा सोडवली तवा मीबी असंच म्हनले हुते, ऱ्हाऊ द्या म्हनून. समद्यांनी लगीच ऐकलं.

(रतनबाई आप्पासाहेबांकडे वळते.)

रतनबाई : उद्या राहुरीला चल, दादा. चार एकरांचं बक्षीसपत्र कर माझ्या नावानं.

आप्पासाहेब : करतो. पर शबूद फिरवता यायचा न्हाई मला, रतन.

रतनबाई : नको फिरवू. पोरगी शिकू दे.

अश्विनी : आत्या, असं नको गं.

रतनबाई : अश्विनी, तुज्या कपाटात माझी जांभळी साडी हाय बघ. आल्यावर नेसायला म्हनून ठिवलेली.

अश्विनी : आत्ता कशाला? असू दे ना तिथंच.

रतनबाई : पिशवीत घाल, बाय. उद्या राहुरीवरनंच यष्टी धरीन मी.