महारुद्रच्या मापाचा बोर्ड

रुद्राणी : “पहिला बोर्ड उभा धरला की हनुवटीच्या वर अन् नाकाच्या खाली यायला पाहिजे. आधी वजन बघ, मग उंची, मग पाय. अन् नवशिक्यानं मऊ बोर्डच घ्यायचा.” स्नोबोर्डच्या कॅम्पमध्ये, बर्फावरून घसरायला शिकवणाऱ्या मॅडमनी मला असं तीनदा बजावलं होतं, अप्पा. तुम्हाला मी कागदावर लिहून दिलं. आणि काल खोकं उघडून बघते, तर हा माझ्याहून उंच!

मल्लिकार्जुन : उंच हाय म्हणून काय बिघडलं? मानवत गावात तीस वर्षं रेडिमेडचं दुकान चालवायलोय. शाळेचा ड्रेस मी कदी नेमक्या मापाचा दिलो का? एक नंबर मोठाच देतो. पोरगं वाढतंय, दोन साल जास्त चालतो.

रुद्राणी : मी एकवीस वर्षांची आहे. आता कुठं वाढणार?

मल्लिकार्जुन : आवाज कमी कर. अक्काचा जप चालू हाय.

नागुबाई : माझा जप झाला मघाच. बोलू दे तिला.

रुद्राणी : आत्या, खोक्यावरचा कागद वाचा. वजन पंच्याहत्तर, उंची पाच फूट दहा. मी अठ्ठेचाळीस किलोची! एवढा लांब अन् कडक बोर्ड मला वळवताच येणार नाही. उतारावर सरळ जाऊन झाडावर आदळेन. या घरात पंच्याहत्तर किलोचं कोण आहे, विचारा त्यांना.

नागुबाई : महारुद्र.

मल्लिकार्जुन : अगं, फोनवरच्या माणसानं वजन इचारलं. हिचं मला कुठं ठावं? महारुद्र जिमहून आला की रोज घरभर सांगतो, म्हणून तेच तोंडात आलं.

रुद्राणी : तोंडात आलं नाही, अप्पा. खरं सांगा.

मल्लिकार्जुन : खरंच ऐकायचंय? मग ऐक. तू दोन-तीन साल घसरशील. मग तुझं लगीन. मग ती फळी काय माळ्यावर टाकायची? भावाला तरी कामाला येईल, असा इचार केला. काय गुन्हा केला का?

रुद्राणी : महारुद्रनं बर्फ बघितलाय तो फक्त रसवंतीवर! बर्फावरच्या पुढच्या कोर्सला नंबर माझा लागला. अख्ख्या जिल्ह्यातून मी एकटी. अन् बोर्ड त्याच्या मापाचा?

मल्लिकार्जुन : तिथं भाड्यानं मिळत न्हाईत का?

रुद्राणी : स्वतःचा आणा, असं पत्रात आहे. तेही वाचून दाखवलं होतं. सात दिवसांत बदलून देतात, त्यातला आज शेवटचा. पार्सल परभणीच्या कुरिअर ऑफिसात पाचच्या आत गेलं नाही तर बसा! आजपासून बाराव्या दिवशी माझी गाडी आहे.

मल्लिकार्जुन : बदलून देतेत, पर कोरा असला तर. महारुद्र सकाळीच म्हणत होता, कापसाच्या जिनिंगवर सरकीच्या ढिगावरून घसरून बघतो. नेला असंल त्यानं एकदा. आता कोण घेतंय वापस?

नागुबाई : न्हाई नेला.

मल्लिकार्जुन : तुला काय माहीत, अक्का?

नागुबाई : सकाळपासून मी खोक्यावरच बसलेय. पूजा इथंच केली, जपही इथंच. तो दोनदा आला. म्हणला, आत्या, जरा उठा. मी म्हणलं, नेम हाय, मधीच उठता येत न्हाई.

रुद्राणी : आत्या!

मल्लिकार्जुन : म्हणजे तू बी हिच्याच बाजूनं?

नागुबाई : मल्लू, मी सातवीत असताना आबांनी मला बूट आणले. खो-खोत निवड झाली होती, जिंतूरला जायचं होतं. तुला आठवतेत ते बूट?

मल्लिकार्जुन : काळे. मीच तर घातले नंतर. चांगले चार साल टिकले.

नागुबाई : तुला पुढं व्हावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतले होते. पुढं चिंध्या कोंबून मी पळाले. पहिल्याच पाठलागात बूट मागं राहिला अन् मी तोंडावर पडले. मैदानभर हसले. पुन्हा मला कुणी खेळायला न्हेलं न्हाई. ते बूट चांगले होते, ही गोष्ट आज तुझ्याकडून कळाली.

मल्लिकार्जुन : …हे कदी बोलली न्हाईस.

नागुबाई : कुणी इचारलं का? आता ह्या पोरीलाही न्हाई इचारलं. दसऱ्याला देवघरापुढं तूच म्हणलास, नंबर लागला तर बोर्ड तुझ्या पसंतीचा. तिनं मागितलं नव्हतं. तू कबूल केलास. मी तिथंच वाती वळत होते.

मल्लिकार्जुन : महारुद्रला काय सांगू?

रुद्राणी : सांगा, दुकानात चूक झाली.

नागुबाई : लबाड कशाला बोलायचं? बहिणीचा होता, बहिणीच्या मापाचा आणायलोय, असं सांग.

(नागुबाई खोक्यावरून उठतात. मल्लिकार्जुन सुतळी आणतो, खोकं बांधतो.)

मल्लिकार्जुन : रुद्राणी, तू लिहिलेला तो मापाचा कागद दे. अन् वजन पुन्हा सांग.

रुद्राणी : अठ्ठेचाळीस. अप्पा, मी पण येते.

मल्लिकार्जुन : नको. माझं मी बोलतो. परभणीची अडीचची एसटी हाय.

रुद्राणी : जेवला नाहीत अजून.

नागुबाई : जाऊ दे त्याला. तू दाराचा दुसरा पल्ला उघड, खोकं लांब हाय.